घोडीचा खरवस

आमच्या स्टड फार्मवर येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्या दहा मिनिटांत एकच प्रश्न विचारतो. वाशीत घोडे कसे हो? पुण्याला ठीक आहे, पंजाबात ठीक आहे, पण इथं, बालाघाटाच्या या माळावर रेसचे घोडे? पूर्वी मी माती, हवा, चुनखडीचं पाणी आणि हाडांची बळकटी असं लांबलचक काहीतरी सांगायचो. आता नुसता चहा पाजतो आणि भिंतीवरचे फोटो दाखवतो. फोटोत मी जिंकलेल्या घोडीचा लगाम धरून उभा आहे. डोक्यावर फेटा, अंगात पुण्यात शिवलेला कोट. लगाम मी फोटोपुरता धरतो. एरवी त्या जनावराला माझा हात आवडत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

माझा मूळ धंदा खव्याचा. वडिलांनी एका भट्टीवर सुरू केला, मी बारा भट्ट्यांवर नेला. आमच्याकडं दूध म्हणजे म्हशीचं, आणि मोठ्या कढईत ते आटवत बसणं म्हणजे आयुष्य. नखावर थेंब धरून दुधात पाणी किती हे मी सांगायचो, आणि शेतकरी माझ्यापुढं खोटं बोलायला कचरायचे. दुधाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायला आलं की माझं टाळकं फिरायचं. हा माझा जुना दोष. पुढं जे घडलं ते या एका दोषापायी घडलं असं लिहिलं तर मला सोपं जाईल, पण ते अर्धंच खरं आहे.

खव्याची गाडी नळदुर्गमार्गे हैदराबादला जायची. तिथल्या एका मिठाईवाल्यानं एकदा आग्रह करून मला रेसला नेलं. पैसे लावायची मला हौस नव्हती. मी आपला कुंपणाला टेकून शेंगा खात उभा होतो. शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात तिथं एक तपकिरी घोडी माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. तिच्या मानेवरच्या शिरा दिसत होत्या, कातडी उन्हात तेल लावल्यासारखी चमकत होती, आणि कुणाकडं म्हणून ती बघत नव्हती. ती शर्यत ती हरली, शेवटून दुसरी आली. पण अख्खी हयात आपण कढईत उलथनं फिरवण्यात घालवली याची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. परतीच्या वाटेवर नळदुर्गच्या धाब्यावर जेवताना मी ड्रायव्हरला म्हणालो, घोडे घ्यायचे. त्याला वाटलं, मी टांग्याबद्दल बोलतोय.

भट्ट्या धाकट्या भावाकडं दिल्या. माळावरच्या जमिनीला कुंपण घातलं, दोन बोअर घेतले, लसूणघास लावला, तबेले बांधले. रेसमधून निवृत्त झालेल्या तीन घोड्या आणल्या. पुण्याच्या क्लबात मालक म्हणून माझी वर्णी लागली, आणि पहिल्याच महिन्यात तिथल्या लोकांनी माझं नाव ‘खवा’ ठेवून दिलं. तोंडावर नाही, पाठ वळली की. ‘खवा आला का? पेढे आणले का?’ त्यांच्या आज्यापणज्यांनी घोडे पाळलेले, त्यांना घोड्याच्या सात पिढ्या तोंडपाठ. मला माझ्या पणजोबांचं नाव आठवायला वेळ लागतो. मला राग यायचा आणि तरी प्रत्येक वेळी मी पेढ्यांचा खोका घेऊन जायचो. स्वतःची इतकी चीड मला दुसऱ्या कशानं आली नाही.

आता मामांबद्दल सांगतो. ते माझे सख्खे मामा नव्हेत. वडिलांच्या वेळेपासून आमच्या म्हशी सांभाळणारे धनगर गृहस्थ, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा, म्हणून आम्हीही. अंगानं काटकुळे, बोलायचे कमी, पण आजूबाजूच्या दहा वस्त्यांवर त्यांच्या हाताचा लौकिक होता. कुणाची गाय अडली, म्हशीच्या पोटात वासरू आडवं आलं की लोक डॉक्टरच्या आधी मामांकडं मोटारसायकल पाठवायचे. मामा कोपरापर्यंत तेल लावायचे, डोळे मिटायचे आणि आत हात घालून वासरू सरळ करायचे. मोबदला म्हणाल तर एक नारळ आणि कपभर चहा. पैसे पुढं केले तर रागवायचे. त्या कामाला जाताना ते धुतलेली टोपी घालत, एवढी एकच त्यांची ऐट मी पाहिली.

घोडी त्यांनी त्याआधी फक्त वरातीत पाहिलेली. पहिल्या दिवशी तबेल्याच्या दारात उभे राहून म्हणाले, “लई नाजूक जात हाय मालक. हिला आपलं म्हशीवाणी जमायचं न्हाय.” पण घोड्यांनी त्यांना आठ दिवसांत आपलं मानलं. दिवाळीच्या आधी तेरखेड्याच्या फटाका कारखान्यांकडून बार ऐकू यायचे. वारा इकडचा असला की घोड्या कुंपणाला धडका द्यायच्या. तेव्हा मामा दिवसभर त्यांच्यात उभे राहायचे, काहीतरी पुटपुटत, एकेकीच्या मानेवर हात ठेवत. दाणा मी विकत आणायचो, पण घोड्या ओळखायच्या त्यांना.

चौथी घोडी मी पुण्याजवळच्या एका मोठ्या फार्मवरून आणली. ती गाभण होती, आणि ज्याच्यापासून गाभण होती तो परदेशातून आणलेला नर त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी होता. त्याची पहिली शिंगरं त्याच हंगामात जन्मणार होती. एक शिंगरू वाशीत जन्मणार म्हटल्यावर क्लबातल्या लोकांच्या भुवया वर गेल्या. मला तेच हवं होतं. या एका शिंगरामुळं माझं ‘खवा’ हे नाव पुसलं जाणार होतं.

घोडी आणण्याआधी मामांना मी महिनाभर त्या फार्मवर शिकायला ठेवलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून तिथल्या मुकादमानं सांगितलेलं सगळं ते घोकून आले. परत आल्यावर दोन दिवस ते मला म्हणून दाखवत होते. घोडीच्या सडाला मेण आलं की दोन दिवसांत ती विते. शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, “उभं ऱ्हायलं की लगीच पाजायचं. वार पडायची वाट बघायची न्हाय. पयला चीक त्याच्या पोटात गेलाच पायजे, न्हायतर शिंगरू जगत न्हाय.” मी हूं हूं करत होतो आणि मोबाईलवर घोड्यांच्या वंशावळी बघत होतो.

आमच्या घरची एक रीत होती. गोठ्यात जनावर व्यालं की वासरामागून वार, म्हणजे जार, पडेपर्यंत वासराला तोंड लावू द्यायचं नाही. आणि आणलेलं नवं जनावर आपल्या दावणीला पहिल्यांदा व्यालं की त्याचा पहिला चरवीभर चीक देवीचा. त्याचा खरवस करायचा, नैवेद्य दाखवायचा, मग वासराचं बघायचं. आजोबांनी हे केलं, वडिलांनी केलं. म्हैस बादलीभर चीक देते, त्यातला चरवीभर गेला तर वासराला काही कमी पडत नाही. वासरं जगत गेली आणि रीत चालत राहिली.

फेब्रुवारीत एका सकाळी, नुकतं उजाडलं असताना, घोडी व्याली. माळावर ज्वारीची काढणी चालू होती. मी पोचलो तेव्हा शिंगरू उभं राहायची धडपड करत होतं. लांबलचक पाय, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्याला हळूच कासेकडं ढकलत होते. मी घरून चरवी घेऊनच आलो होतो.

“मामा, थांबा. वार पडायचीय अजून.”

“घोडीला तसं नसतंय मालक. पिऊ द्या त्याला. मुकादमानं लई बजावून सांगितलंय.”

“दूध मला आता मुकादमानं शिकवायचं?”

“तुमाला कोण शिकवील? पर हिचा चीक एवढासाच असतो. दोनच सड हायती. म्हशीगत बादली न्हाय.”

“देवीचं आधी. आपल्या घरची रीत तुम्हाला मी सांगायची का?”

 मी मालकाच्या आवाजात बोललो होतो आणि त्या आवाजापुढं मामा जन्मभर गप्प बसत आले होते. मग त्यांनी एका हातानं शिंगरू धरून ठेवलं आणि दुसरा हात घोडीच्या मानेवर ठेवला, कारण त्यांचा हात नसता तर तिनं मला जवळ येऊ दिलं नसतं. मी चीक काढला. दाट, पिवळाधमक. चरवी भरेना म्हणून मी पिळत राहिलो. “ऱ्हाऊ द्या की थोडा,” मामा एकदाच म्हणाले. मी हसलो आणि शेवटच्या धारेपर्यंत काढला. तरीही चरवी अर्धीच भरली.

वार पडायला अडीच तास लागले. तोवर शिंगरू मामांच्या मांडीवर तोंड घासत होतं. मग आम्ही त्याला सोडलं आणि ते प्यायलं. चांगलं पोटभर प्यायलं. मी मामांकडं असं बघितलं की, बघा. पण तोवर कासेत जे उतरलं होतं ते नुसतं दूध होतं, हे मला कळायला अजून तीन दिवस जायचे होते.

बायकोनं गूळ-वेलदोडा घालून खरवस केला. नीट बसला नाही, फुटल्यासारखा पाणी सोडत राहिला. तरी नैवेद्य दाखवला. सगळ्यांनी चमचा चमचा खाल्ला. मामांनी हातावर घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. प्रसादाला ते नाही कसे म्हणणार?

तिसऱ्या दिवशी शिंगरू उठेना. पाय सुजले, सांधे हाताला गरम लागू लागले. चौथ्या दिवशी पुण्याहून डॉक्टर आले, आणि त्यांच्याच गाडीतून क्लबातले दोघं आले. त्या नराचं शिंगरू बघायला म्हणून ते आधीच ठरवून बसले होते, मला त्यांना नको म्हणता आलं नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं. शिंगराच्या रक्तात रोगाशी लढायला जन्मतः काही नसतं, ते सगळं आईच्या पहिल्या चिकातून येतं, आणि आतडं ते पहिले काही तासच आत घेतं. हे त्यांनी मला शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, “हिचा चीक कुणी काढला?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जराही वेळ लागला नाही. हेच मला आजही सहन होत नाही. विचार केला असता, घाबरलो असतो, अडखळलो असतो, तर निदान काही म्हणता आलं असतं. मी लगेच म्हणालो, “आमच्या गड्यानं. जुन्या वळणाचा माणूस आहे हो, जन्मभर म्हशीच सांभाळल्या.” मामा घोडीच्या पलीकडच्या बाजूला, तीन हातांवर उभे होते.

डॉक्टर त्यांच्याकडं वळले. “म्हातारबा, घोडी म्हणजे म्हैस नव्हे. तुम्हाला तिथं सगळं शिकवून पाठवलं होतं ना?”

मामांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, “व्हय सायब. चुकलं.”

दुसऱ्या दिवशी शिंगरू गेलं. कुंपणाजवळच्या लिंबाखाली मामांनी एकट्यानं खड्डा खणला. मी घरात बसून होतो. बायको म्हणाली, “अहो, खरवस मी केला. चरवी तुम्ही आणलीत. मग मामांचं नाव का घेतलंत?” मी तिला म्हणालो, त्या लोकांपुढं ते गरजेचं होतं, मामांना काय फरक पडतो? मामांना काय फरक पडतो, हे मी खरोखरच बोललो.

त्या दोघांनी ही गोष्ट पुण्यात नेली, आणि पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा लोक माझ्याभोवती जमले. ‘खवासाहेब, तुमच्या गड्यानं म्हणे त्या शिंगराच्या चिकाचा खरवस केला?’ मी सांगायला लागलो. पहिल्यांदा थोडक्यात सांगितलं. हशा पिकला तसा पुढच्या वेळी तिखटमीठ लावलं. म्हाताऱ्यानं वेलदोडा मागितला, म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा खरवस घेतला, म्हातारा म्हणाला की थोडा गोड कमी आहे. जे लोक मला बाजूला ठेवत होते ते आता मला टेबलाशी बोलवून घ्यायचे, ‘ते खरवसाचं सांगा’ म्हणून. पेढे नेले नाहीत तरी चालू लागलं. मी त्यांच्यातला झालो तो एका मेलेल्या शिंगरावर आणि मामांच्या नावावर.

पुण्यातली गोष्ट वाशीत यायला कितीसा वेळ लागणार? ड्रायव्हरनं ऐकली, बाजारात सांगितली, बाजारातून ती वस्त्यांवर गेली. मला याचा पत्ता नव्हता असं म्हणणार नाही. मला ऐकू येत होतं, मी विचारलं नाही.

दीड-दोन वर्षांनी एका दुपारी मामा माझ्या घरी आले. घरी ते कधी येत नसत. पायरीवर बसले, पाणी प्यायले.

“मालक, काल पल्याडच्या वस्तीवर म्हैस अडली. माज्या दारावरनं मोटारसायकल गेली, वाशीला डॉक्टर आणाया. माज्या दारावरनं. थांबली न्हाय.”

मी म्हणालो, लोकांचं काय एवढं मनावर घ्यायचं.

“आधी लोक हसायचे. हसू द्या म्हनलं. आता बोलावतच न्हायत. म्हनत्यात, मामाचा हात बाधतोय.” ते आपल्या हाताकडं बघत बोलत होते. “शिंगरू काय परत येत न्हाय. पर एकदा चारचौघांत सांगा, मालक. कुणाचं बी नाव घेऊ नका. मामानं न्हाय केलं, एवढंच सांगा.”

मी त्यांना शब्द दिला. त्यावेळी माझा तो खरा शब्द होता. पण चारचौघं भेटले की मला वाटायचं, इथं नको, हे लोक बरोबर नाहीत, पुढच्या वेळी सांगू.

मेलेल्या शिंगराच्या पुढच्याच वर्षी त्या घोडीला दुसरं शिंगरू झालं होतं, मादी. त्या सकाळी मी तबेल्याकडं फिरकलोही नाही. मामांनी सगळं केलं, मुकादमानं सांगितलं तसं. ती तपकिरी पोर मामांनी वाढवली, पहिलं दावं त्यांनी घातलं, गाडीत चढायला त्यांनी शिकवलं. तीन वर्षांची झाल्यावर ती पुण्यात मोठी शर्यत जिंकली. भिंतीवरचा फोटो तोच. शर्यतीच्या वेळी मामा इथंच होते, घरच्या बाकीच्या घोड्यांना दाणा घालत. त्यांना नेलं पाहिजे हे मला सुचलं नाही.

वाशीत माझा सत्कार ठरला. मंगल कार्यालय, हारतुरे, ध्वनिक्षेपक, सगळं रीतसर. आदल्या दिवशी मी मामांना म्हणालो, “उद्या या. उद्या सांगतो सगळ्यांपुढं.” ते मामींना घेऊन आले. धुतलेलं पांढरं धोतर, डोक्यावर अडलेल्या जनावराकडं जाताना घालायची ती टोपी. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मामी बायकांच्या बाजूला न जाता त्यांच्या शेजारीच बसल्या.

मी बोलायला उठलो. वडिलांबद्दल बोललो, खव्याबद्दल बोललो, माळाबद्दल बोललो. मग म्हणालो, आता तुम्हाला मामांबद्दल सांगायचंय. मागून कुणीतरी ओरडलं, “खरवसाचं सांगा!” आणि मी तोंड उघडायच्या आत सगळं कार्यालय हसलं.

मी तीच गोष्ट सांगितली. नेहमीची. वेलदोड्यासकट. मला कुणी धाक दाखवला नव्हता, कुणाची भीड नव्हती. समोर पाचशे लोक हसायला तयार बसले होते आणि मला ते हसू हवं होतं, दुसरं काहीही कारण नाही. शेवटी मोठेपणानं म्हणालो, चूक माणसाकडूनच होते, पण याच मामांनी ही घोडी घडवली. आणि त्यांना व्यासपीठावर बोलावून शाल घातली. टाळ्या पडल्या. मामांनी शाल घेतली, नमस्कार केला आणि परत जाऊन बसले. मामी उठून बाहेर निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मामा तबेल्यात आले ते शाल घडी करूनच. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

“उद्यापास्नं येत न्हाय मालक.”

मी म्हणालो, मामा, माफ करा, तोंडातून निघून गेलं.

“तुम्ही खोटं बोललात म्हून न्हाय. काल मी तुमच्या तोंडाकडं बगत हुतो. आता तुमाला बी तेच खरं वाटाया लागलंय.”

मी तीनदा त्यांच्या घरी गेलो. एकदा पेढे घेऊन गेलो, यावरून माझी अक्कल कळावी. त्यांनी चहा दिला, घोड्यांची विचारपूस केली. एकाही घोडीचं नाव ते विसरले नव्हते. पण आले नाहीत. माझ्या तबेल्यात पुण्याहून पगारी माणूस आला, गणवेश घालणारा. त्या चौथ्या घोडीनं महिनाभर नीट खाल्लं नाही. मी दाणा बदलून पाहिला.

दोन वर्षांनी मामा छातीच्या आजारानं गेले. मला तिसऱ्या दिवशी भावाच्या भट्टीवर कळलं. घरच्यांनी निरोपच दिला नव्हता. त्यानंतरच्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही आणि एक गोष्ट नक्की केली. दहाव्याला गेलो. आमच्याकडं दहाव्याला माणसं उभी राहून गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतात. तिथं सगळ्या वस्त्यांवरची माणसं आली होती. ज्यांच्या म्हशी मामांनी सोडवल्या ते, आणि ज्यांनी नंतर बोलावणं बंद केलं तेही. मी उठलो आणि सांगितलं. चीक मी काढला. मामा नको म्हणत होते, दोनदा नको म्हणाले. मुकादमाचं त्यांनी ऐकलं होतं, मी ऐकलं नाही. डॉक्टरपुढं मी खोटं बोललो आणि नंतर सगळीकडं खोटं बोलत आलो. मामांच्या हाताला कधीच काही दोष नव्हता.  बसलो तेव्हा मला हलकं वाटलं, हेही कबूल करतो.

 मग भावकीतले एक वयस्कर गृहस्थ उठले, डोळे पुसत. म्हणाले, “बघा मंडळी, किती मोठं मन. मेलेल्या माणसावरचा बोल आपल्या अंगावर घेतला. असा मालक मिळाया नशीब लागतंय.” माना हलल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी परत उठलो. नाही, हे खरं आहे, मी मन मोठं करून सांगत नाही, खरंच मीच काढला. शेजारच्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं. “कळलं मालक. आमाला कळतंय.” मी जितकं सांगत गेलो तितका मी मोठा होत गेलो, आणि ते शिंगरू मामांच्याच हातानं मेलेलं राहिलं.

जेवणं झाल्यावर मी मामींना भेटायला मागच्या दारी गेलो. त्या चुलीपाशी एकट्या बसल्या होत्या. तिथं जमलेल्यांत एकट्या त्यांना ठाऊक होतं की मी खरं बोललो. मी हात जोडले. त्यांनी वर पाहिलं.

“सत्काराला पुढं बसले हुते तुमच्या. सकाळधरनं तीनदा विचारलं मला, टोपी नीट हाय का. आज कुणासाठी सांगितलं, मालक?”

मी म्हणालो, मामांसाठी.

त्या उठल्या. पत्रावळ्यांचा ढीग उचलला आणि बाहेर टाकायला गेल्या.